डोळ्याचे माप न घेता मागवलेल्या लेन्स

गेल्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमच्या हौशी मंडळाने जे नाटक बसवले, त्यात माझ्या वाट्याला घाऱ्या डोळ्यांच्या बाईची भूमिका आली. संहितेत त्या डोळ्यांचा उल्लेख चांगला सात वेळा होता, त्यामुळे प्रकाशयोजनेत सांभाळून घेऊ, ही माझी सूचना दिग्दर्शकांनी पहिल्याच वाचनात फेटाळली. माझे डोळे काळेभोर, आणि आठवीपासून चष्मा. रंगमंचावर चष्मा चालणार नव्हता आणि चष्म्याशिवाय मला समोरच्या नटाचा चेहरासुद्धा धूसर दिसतो, म्हणून मला रंगीतही आणि नंबरच्याही अशा लेन्स हव्या होत्या.

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका चष्म्याच्या दुकानात चौकशी केली, तेव्हा तिथल्या मुलीने किंमत सांगण्याआधी विचारले, "लेन्सचा कागद आहे का? चष्म्याचा चालत नाही." मला हा माल खपवण्याचा प्रकार वाटला. नंबर तो नंबर, त्यात चष्म्याचा वेगळा आणि लेन्सचा वेगळा कसा असेल, असे मनात म्हणत मी बाहेर पडले. त्याच रात्री परदेशातल्या एका विक्रेत्याकडे मला हवी तशी, राखाडीकडे झुकणारी घारी छटा सापडली. एका जोडीच्या किमतीत दोन जोड्या मिळत होत्या, आणि दुकानातल्या एका जोडीला जेवढे पैसे पडले असते त्याहून त्या दोन्ही मिळून स्वस्त होत्या. विक्रेत्याने मला फक्त दोन गोष्टी विचारल्या, उजव्या डोळ्याचा नंबर आणि डाव्या डोळ्याचा नंबर. चष्म्याच्या कागदावर उजव्या डोळ्यासमोर उणे ३.७५ आणि डाव्यासमोर उणे ३.२५ असे लिहिलेले होते, ते मी भरले. त्याच ओळीत पुढे सिलिंड्रिकल, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईचा, नंबरही होता, पण तो भरायला रकानाच नव्हता, म्हणून मी तो सोडून दिला.

अगदी डोळे झाकून मात्र मी पैसे भरले नव्हते. बनावट लेन्सविषयी मी ऐकून होते आणि दोन रात्री बसून बरेच वाचलेही होते. अमेरिकेत २००५ सालापासून बिननंबरी रंगीत लेन्ससुद्धा वैद्यकीय उपकरण मानल्या जातात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. जपाननेही नोव्हेंबर २००९ पासून नुसत्या शोभेच्या लेन्सना नंबरच्या लेन्सचेच कडक नियम लावले. युरोपात सीई या खुणेपुढे चार आकडे असतील, तर कोणत्या अधिकृत संस्थेने तपासणी केली ते त्या आकड्यांवरून कळते. एवढे समजून घेतल्यावर आपण जाणकार झालो, असा माझा समज झाला. मी ज्या कोरियन उत्पादकाच्या लेन्स निवडल्या होत्या, त्याच्या नावापुढे हे चार आकडे होते. खरा माल म्हणजे सुरक्षित माल, हे समीकरण माझ्या डोक्यात पक्के बसले होते.

पार्सल तेविसाव्या दिवशी टपालाने आले. त्यावर सीमाशुल्कासाठी लावतात ती हिरवी सीएन-२२ चिठ्ठी होती आणि तिच्यावर आतल्या वस्तूचे वर्णन 'प्लास्टिकची शोभेची वस्तू' आणि किंमत पाच डॉलर असे लिहिले होते. मी त्याच्या कितीतरी पट पैसे भरले होते. चिठ्ठीवर लेन्स हा शब्द नव्हता, वैद्यकीय उपकरण हा तर नव्हताच. त्या वेळी मला त्यात विक्रेत्याची हुशारी दिसली आणि जकात वाचल्याचा थोडा आनंदही झाला, हे कबूल केले पाहिजे. आपल्याकडे २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत, त्यांच्यानुसार अशा वस्तू आयात करून विकणाऱ्याला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचा परवाना लागतो, आणि स्वतःच्या वापरासाठी थोड्या प्रमाणात आणायच्या झाल्या तरी एमडी-२० या नमुन्यात अर्ज करून परवानगी घेण्याची तरतूद आहे. हे सगळे मला नंतर कळले. म्हणजे ती हिरवी चिठ्ठी खोटी होती आणि त्या खोट्यात, नकळत का होईना, मीही सामील होते.

आत रबरी बूच आणि त्यावर ॲल्युमिनियमचे झाकण असलेल्या चार काचेच्या कुप्या होत्या, आपल्याकडे इंजेक्शनच्या असतात तशाच. लेबलावर लॉट क्रमांक, मुदत, बेस कर्व्ह (म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूच्या वक्रतेची त्रिज्या, मिलिमीटरमध्ये) ८.६, व्यास १४.५, पाण्याचे प्रमाण ३८ टक्के, एवढे सगळे होते. भारतातल्या आयातदाराचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक किंवा छापील किंमत यांपैकी काहीच नव्हते. सोबत भेट म्हणून एक छोटी बाटली होती, तिच्यावर फुलांचे चित्र होते, पण आत कोणता द्रव आहे हे कुठेही लिहिलेले नव्हते. ती मी वापरली नाही. मेडिकलमधून लेन्सचे सोल्यूशन आणले. लॉट क्रमांक लिहून मी उत्पादकाला पत्रही पाठवले आणि, आश्चर्य म्हणजे, चार दिवसांत उत्तर आले. हा लॉट आमचाच आहे, तो दुसऱ्या एका देशातल्या घाऊक व्यापाऱ्याला दिला होता, भारतात आम्ही हे उत्पादन विकत नाही, असा त्याचा आशय होता. पहिले वाक्य वाचून मी निर्धास्त झाले. तिसऱ्या वाक्याचा अर्थ, म्हणजे काही बिघडले तर इथे विचारायला कोणीही नाही, हा तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

लेन्स घालायला मी आरशासमोर बसून, दुसऱ्यांचे बघून शिकले. पहिल्या दिवशी पाऊण तास गेला. दोन्ही लेन्स बसल्या तेव्हा आरशात दिसणारी बाई खरोखर मी नव्हतेच, आणि भूमिका अर्धी जमली असे मला वाटले. तालमीत मात्र एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. दिव्यांच्या उजेडात सगळे स्वच्छ दिसायचे. विंगेच्या अंधारात गेले की दृष्टीभोवती धुरकट कडे तयार व्हायचे आणि पायरी शोधावी लागायची. कारण साधे आहे. रंगीत लेन्सच्या मध्यभागी बाहुलीपुरती पारदर्शक जागा ठेवलेली असते. अंधारात बाहुली तिच्याहून मोठी झाली की रंगवलेला भाग दृष्टीच्या आड येतो. या लेन्स घालून रात्री गाडी चालवू नये, असे कोणीतरी मला सांगायला हवे होते. सांगणार कोण?

चौथ्या दिवशी सलग साडेपाच तास तालीम झाली. शेवटच्या तासात डोळ्यात बारीक वाळू गेल्यासारखे खुपत होते, पण मेकअप बिघडेल म्हणून मी लेन्स काढल्या नाहीत. उजवी काढताना ती डोळ्याला चिकटून बसल्यासारखी वाटली. दोनदा चिमटीतून निसटली आणि तिसऱ्या वेळी निघाली ती थेट बेसिनमध्ये पडली. मी ती नळाखाली धरून धुतली आणि डबीत ठेवली. परत येताना त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला थांबले, तेव्हा प्रत्येक दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलये दिसत होती. मागे बसलेल्या मैत्रिणीला मी विचारलेसुद्धा, "धुके पडलंय का गं?" ती म्हणाली, "कसलं धुके? वेडी आहेस का?"

सकाळी उजवा डोळा उघडेना. उजेड सहन होत नव्हता, पाणी थांबत नव्हते, आणि बुबुळाच्या कडेने लाल रिंगण उठले होते. आईने गुलाबपाण्याच्या घड्या काढल्या. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले होते, तेव्हाची थेंबांची एक बाटली फ्रिजच्या दारात होती, ती मी उघडलीही. टाकणार तेवढ्यात तिच्यावरचे बारीक अक्षर वाचायला चष्मा शोधावा लागला, आणि त्या दोन मिनिटांत बहिणीचा फोन आला. तिने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला फर्मावले, म्हणून ते थेंब पडायचे राहिले. पुढे डॉक्टरांनी ती बाटली पाहिली. त्यात प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड होते. जंतुसंसर्ग कशाचा आहे हे ठरण्याआधी स्टेरॉइड पडले, तर डोळ्याची लाली कमी होऊन बरे वाटू लागते आणि आत संसर्ग, विशेषतः बुरशीचा असेल तर, वाढतच राहतो, असे त्यांनी समजावले. शिवाय डोळ्याच्या थेंबांची बाटली एकदा उघडली की साधारण महिन्याभरात टाकून द्यायची असते. आमची वर्षापूर्वीची होती.

पंडित कॉलनीतल्या त्या दवाखान्यात फोनवरच त्यांनी सांगितले होते, "लेन्स घालून येऊ नका, पण लेन्स, डबी, सोल्यूशन, खोके, सगळे घेऊन या." मला वाटले, माल खरा की खोटा ते बघायचे असेल. खरे कारण वेगळे होते. पारपटलावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, जखम किंवा पांढरा ठिपका दिसला, तर लेन्स आणि डबी यांतून नमुना घेऊन कोणता जंतू आहे ते प्रयोगशाळेत वाढवून बघतात. डॉक्टरांनी नारंगी टोकाची एक कागदी पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवली, खोलीतला दिवा घालवला आणि स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाचा निळा प्रकाश टाकला. निरोगी पारपटलावर तो रंग टिकत नाही. जिथे वरचा थर खरवडला गेला असेल तिथे हिरवा चमकतो. बाजूच्या पडद्यावर त्यांनी माझा डोळा मला दाखवला. खालच्या बाजूला मुठीने मोहरी उधळावी तसे हिरवे ठिपके होते, आणि पांढऱ्या भागावर लेन्सच्या कडेचा गोल वळ उमटला होता, घट्ट बांगडीचा मनगटावर उमटतो तसा.

"व्रण झालेला नाही, नशीब समजा," ते म्हणाले. मग त्यांनी मला जे सांगितले त्याने माझा सगळा अभ्यास निकालात काढला. पारपटल जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात. जागेपणी त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या पातळ थरामार्फत मिळतो. लेन्स मापाची असली की पापणी मिटताना ती किंचित सरकते आणि तिच्याखालचे अश्रू बदलत राहतात. पारपटलाची वक्रता मोजायचे यंत्र त्यांनी माझ्या डोळ्याला लावले, तेव्हा आकडा ४१.५० आला, म्हणजे त्रिज्या ८.१३ मिलिमीटर. सर्वसाधारण डोळ्यात ती ७.८ च्या आसपास असते. मऊ लेन्सची त्रिज्या पारपटलाच्या त्रिज्येहून बरीच मोठी असावी लागते. माझे पारपटल सरासरीपेक्षा चपटे होते, आणि त्यावर ८.६ बेस कर्व्हची, १४.५ व्यासाची लेन्स वाटी उपडी घालावी तशी घट्ट बसली होती. ती हलत नव्हती, खालचे अश्रू साचले होते, आणि ३८ टक्के पाण्याच्या त्या जुन्या पद्धतीच्या पदार्थातून प्राणवायू मुळातच कमी जातो. दिव्यांभोवतीची वलये हे पारपटलाला सूज आल्याचे लक्षण होते. लेन्सचा हा जुना पदार्थ तोच, ज्यापासून ओटो विख्टरले या चेक रसायनशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मुलांच्या खेळण्याच्या सुट्या भागांचे यंत्र जोडून घरीच मऊ लेन्स तयार केल्या होत्या. आता सिलिकॉन हायड्रोजेल या नव्या पदार्थाच्या लेन्समधून त्याच्या कित्येक पट प्राणवायू जातो, पण स्वस्त रंगीत लेन्स बहुधा अजून जुन्याच पदार्थाच्या असतात.

तिथल्या ऑप्टोमेट्रिस्ट ताईंनी उजव्या डोळ्याची लेन्स काचपट्टीवर घेऊन ओल्या कापसाच्या काडीने दोन्ही बाजूंनी घासली. हलक्या लेन्समध्ये रंग पृष्ठभागावरच छापलेला असतो. तो काडीला लागतो, आणि अशा खरबरीत पृष्ठभागाला जंतू लवकर चिकटतात. माझ्या लेन्सचा रंग सुटला नाही. तो दोन थरांच्या मध्ये नीट बंद केलेला होता. "लेन्स चांगलीच आहे हो, फक्त तुमच्या डोळ्याची नाही," त्या म्हणाल्या. माल बनावट निघाला असता, तर निदान कोणाला तरी दोष देता आला असता, असे त्या क्षणी मला वाटून गेले.

डॉक्टर खरे रागावले ते नळाच्या पाण्यावरून. आमच्या घरी गंगापूर धरणाचे, महापालिकेने शुद्ध केलेले पाणी येते आणि आम्ही ते पितो, असे मी म्हणताच त्यांनी पेन खाली ठेवले. अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव पिण्याच्या पाण्यातही असू शकतो. पोटाला तो काही करत नाही, पण लेन्सखाली अडकून खरचटलेल्या पारपटलात शिरला, तर उपचार महिनोन्महिने चालतात आणि कधी पारपटल बदलण्याची वेळ येते. सुडोमोनास हा जीवाणू तर २४ ते ४८ तासांत पारपटल विरघळवू शकतो, आणि अडीअडचणीला म्हणून जपून ठेवलेल्या डबीतल्या शिळ्या सोल्यूशनमध्ये तो सुखाने राहतो. त्यांनी विचारले, "रंगपंचमीला रहाडीत उतरता का?" रहाड म्हणजे रंगपंचमीचा रंगीत पाण्याचा हौद. दरवर्षी तिवंधा चौकातल्या रहाडीत जाते, असे मी सांगितले. "लेन्स घालून उतरला असतात, तर आज मी तुम्हाला इतक्या निवांत समजावत बसलो नसतो."

प्रतिजैविकाचे थेंब दिले, पट्टी मात्र बांधली नाही. लेन्समुळे खरचटलेला डोळा पट्टीने बंद केला, तर आतल्या उबेत जंतूंचे फावते, म्हणून तो उघडाच ठेवतात. दुसऱ्या दिवशी आणि चौथ्या दिवशी पुन्हा बोलावले. आठवड्यात ठिपके गेले. लेन्सना मात्र तीन आठवडे बंदी होती. तालमी मी चष्मा लावून केल्या आणि दिग्दर्शक त्या काळात माझ्याशी मोजकेच बोलत होते.

मधल्या काळात मी विक्रेत्याला लिहिले. उघडलेली कुपी परत घेत नाही, एवढे एका ओळीचे उत्तर आले. भारतातल्या ग्राहकांना नियमितपणे माल विकणाऱ्या परदेशी ई-व्यापाऱ्यांनाही २०२० चे ग्राहक संरक्षण नियम लागू होतात आणि तक्रार निवारण अधिकारी नेमणे त्यांना बंधनकारक आहे, हे मी त्यांना कळवले; त्याचे उत्तर आले नाही. मी कोणत्या मुद्द्यावर भांडणार होते, हाही प्रश्नच होता. त्यांनी मला तोच माल दिला होता जो मी मागवला होता. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेला अपाय कळवण्यासाठी २०१५ पासून देशात एक कार्यक्रम चालतो, गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगामार्फत. त्याचा अर्ज मी डॉक्टरांच्या मदतीने भरला. त्यातला आयातदाराच्या नावाचा रकाना कोरा ठेवावा लागला.

तीन आठवड्यांनी लेन्सचे माप घेतले गेले, तेव्हा दुकानातल्या मुलीचे म्हणणे मला पटले. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर दूर असते, लेन्स डोळ्यावरच बसते. नंबर चारच्या पुढे गेला की हे अंतर जमेस धरावे लागते. रंगीत लेन्समध्ये माझा सिलिंड्रिकल नंबर मिळत नव्हता, म्हणून त्याचा अर्धा भाग मूळ नंबरात मिळवून, मग अंतराचा हिशेब करून उजव्या डोळ्याला उणे ४.०० ठरला. डावा उणे ३.२५ च राहिला. ८.८ बेस कर्व्हच्या चाचणीच्या लेन्स घालून मला अर्धा तास बाहेर बसवले, मग स्लिट लॅम्पखाली खालच्या पापणीने लेन्स हलकेच वर ढकलून ती सुटसुटीत परत येते का ते पाहिले. नंतर तासभर शिकवणी झाली. साबणाने हात धुवायचे आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायचे, लेन्स आधी आणि काजळ नंतर, डबी नळाखाली धरायची नाही, उरलेल्या सोल्यूशनवर नवे ओतायचे नाही, डबी तीन महिन्यांनी बदलायची. मी मात्र एकदा घालून टाकून द्यायच्या लेन्स घेतल्या, म्हणजे डबीचा प्रश्नच उरला नाही. खोक्यावर आयातदाराचा पत्ता होता, परवाना क्रमांक होता, किंमत होती. छटा मला हवी तशी नव्हती; राखाडी नाही, मधाच्या रंगाची.

साईखेडकर नाट्यगृहात प्रयोग झाला. दिग्दर्शक रंगीत तालमीला मागे जाऊन बसले होते, तेव्हा परत येऊन म्हणाले, "सहाव्या रांगेनंतर घारे काय नि काळे काय, काही कळत नाही." हे त्यांना संहिता वाचतानाच कळले असते तर बरे झाले असते, पण मी गप्प राहिले.

प्रयोगानंतर मेकअपच्या खोलीत आमच्या मंडळातला सर्वांत धाकटा नट माझ्याजवळ येऊन बसला. परदेशी लेन्सची दुसरी जोडी माझ्याकडे पडून आहे, हे त्याच्या कानावर गेले होते. डाव्या डोळ्याची कुपी अजून माझ्या पिशवीत होती, ती त्याने दिव्याजवळ धरून फिरवली. आतली लेन्स पानासारखी तरंगत खाली बसली.

"ताई, सील तोडलेलं नाही, मुदत पण आहे. मला दे ना. माझा नंबर पण सव्वातीनच आहे."

"आणि वक्रता?"

"ती काय असते?"

मी कुपी त्याच्या हातातून काढून घेतली आणि पंडित कॉलनीतल्या दवाखान्याची वेळ त्याला लिहून दिली.